लिमिटिंग रिएजंट: क्लासच्या सरांची पद्धत की कॉलेजच्या मॅडमची?

मुलुंडची_मावशी | रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक यंदा अकरावी सायन्सला. कॉलेज आहे आणि क्लासही आहे. आता केमिस्ट्रीत लिमिटिंग रिएजंट (म्हणे रिॲक्शनमध्ये जो पदार्थ आधी संपतो तो) नावाचं प्रकरण आलंय आणि घरात रोज रात्री त्यावरून रडारड. क्लासचे सर म्हणतात प्रत्येकाचे मोल (डझनासारखं कण मोजायचं माप) काढा, इक्वेशनमध्ये त्याच्या समोर जो आकडा असेल त्याने भागा, उत्तर ज्याचं लहान तो लिमिटिंग, संपलं. कॉलेजच्या मॅडम म्हणतात असं काही करायचं नाही, दोन्ही रिएजंटपासून प्रॉडक्ट किती होईल ते वेगवेगळं काढा, ज्याच्याकडून कमी येईल तो लिमिटिंग. पोरीच्या डोक्यात दोन्हीची खिचडी झालीये आणि ती तिसरंच काहीतरी करते.

कालचं गणित देते. ४२ ग्रॅम नायट्रोजन आणि ८ ग्रॅम हायड्रोजन घेतला, तर अमोनिया किती होईल आणि काय किती उरेल. तिने मोल काढले, नायट्रोजन १.५ आणि हायड्रोजन ४. मग म्हणे १.५ लहान, म्हणून नायट्रोजन लिमिटिंग, अमोनिया ३ मोल म्हणजे ५१ ग्रॅम. पुस्तकामागचं उत्तर वेगळं आहे. का वेगळं ते मला सांगता येत नाही, मी बीकॉम.

सीईटी आणि नीट दोन्ही द्यायच्यात. कुठली पद्धत धरावी? प्लीज नवीन ट्यूशन सुचवू नका, आहे त्याचीच फी भरताना जीव जातोय.

बोरीवली_फास्ट | रात्री १०:४९

क्लासचे सर. दहा सेकंदांत उत्तर. हाकानाका.

खडूस_सीए | रात्री १०:५८

मावशी, तुम्ही बीकॉम म्हणून मागे का सरता? उलट हे गणित तुम्हीच पकडायला हवं. आत माल किती गेला? ४२ अधिक ८, ५० ग्रॅम. बाहेर अमोनिया किती आला म्हणताय? ५१. आणि वर उरलेला हायड्रोजन वेगळाच! क्लोजिंग स्टॉक ओपनिंगपेक्षा जास्त आला तर आपण क्लार्कला बोलावून घेतो ना, तसं पोरीला बोलवा. मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही पण हा ताळा बसत नाही एवढं नक्की.

प्रा_परीक्षानळी | रात्री ११:२०

वर सीए साहेबांना माझा दंडवत. ज्युनिअर कॉलेजला शिकवताना हेच पोरांच्या गळी उतरवायला आमचा घसा बसतो. लव्हाझिये या फ्रेंच केमिस्टने १७८९ साली पुस्तकात लिहून ठेवलंय, रिॲक्शनच्या आधी जितकं वस्तुमान तितकंच नंतर, पण पेपर सोडवताना कोणाला आठवत नाही. उत्तर आलं की उठले.

आता मुलीचं नेमकं कुठे अडलंय ते बघू. मोल बरोबर काढलेत. नायट्रोजन ४२ भागिले २८ (एका मोलचे ग्रॅम), १.५. हायड्रोजन ८ भागिले २, ४. इथपर्यंत पूर्ण मार्क. पुढे तिने दोन्ही मोल सरळ एकमेकांशी तोलले, तिथे गाडी घसरली. रिॲक्शन अशी आहे:

१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया

नायट्रोजनच्या एका मोलला हायड्रोजनचे तीन मोल लागतात. १.५ मोल नायट्रोजन सगळा संपवायचा तर ४.५ मोल हायड्रोजन हवा, आपल्याकडे ४ च आहे. म्हणजे आधी हायड्रोजन संपणार. मोल जास्त असूनही तोच लिमिटिंग. हीच खरी मेख आहे आणि पेपर काढणारा मुद्दाम असेच आकडे निवडतो.

क्लासच्या पद्धतीने: १.५ भागिले १ म्हणजे १.५, आणि ४ भागिले ३ म्हणजे १.३३. लहान १.३३, हायड्रोजन लिमिटिंग.
मॅडमच्या पद्धतीने: नायट्रोजनकडून अमोनिया ३ मोल, हायड्रोजनकडून २.६७ मोल. कमी हायड्रोजनकडून, तोच लिमिटिंग.

अमोनिया २.६७ गुणिले १७, साधारण ४५.३ ग्रॅम. नायट्रोजन वापरला गेला १.३३ मोल, उरला ०.१६७ मोल, म्हणजे ४.७ ग्रॅम. आता सीए साहेबांचा ताळा करा. ४५.३ अधिक ४.७, बरोबर ५०.

दोन्ही पद्धती एकच आहेत हो मावशी. त्या १.३३ चा अर्थ इतकाच की इक्वेशन जसं लिहिलंय तसं ते १.३३ वेळा पूर्ण होऊ शकतं, पुढे नाही. तो आकडा हातात आला की प्रत्येकाच्या को-इफिशंटने (इक्वेशनमधला समोरचा आकडा) गुणत जायचं, किती वापरलं, किती झालं, सगळं त्यातूनच निघतं. क्लासवाले हा अर्थ सांगत नाहीत, नुसतं भागा म्हणतात, आणि मग पोरं भागायचंच विसरतात.

चर्चगेटची_चिमणी | रात्री ११:३१

इतकं कशाला. वडापाव. १० वडे आहेत, ७ पाव आहेत. वडापाव किती होतील? ७. पाव लिमिटिंग. ३ वडे उरले ते नवऱ्याने खाल्ले. झालं.

दोनफुल_एकहाफ | रात्री ११:४०

चिमणीताई, हे उदाहरण सगळ्या यूट्यूबवाल्यांनी चावून चोथा केलंय आणि खरं तर तेच पोरांना फसवतं. वडापाव एकास एक. तिथे नुसते आकडे बघून लहान कोण ते सांगता येतं, आणि मावशींच्या लेकीने अगदी तेच केलं ना? १.५ आणि ४, लहान कोण, संपलं. वडापावच केला तिने!

द्यायचंच तर मिसळ द्या. एका प्लेटला दोन पाव. ७ प्लेट मिसळ आणि १२ पाव. पाव आकड्याने जास्त आहेत तरी आधी पावच संपणार, सहाच गिऱ्हाईकं जेवणार. आणि केमिस्ट्रीत याच्यावर आणखी एक पायरी असते, तुम्हाला पाव मोजून देत नाहीत, किलोत देतात. एका पावाचं वजन माहीत असल्याशिवाय किती पाव ते कळणार नाही. मोलर मास म्हणजे तेच.

चर्चगेटची_चिमणी | रात्री ११:४४

आणि एक्स्ट्रा पाव मागितला तर?

दोनफुल_एकहाफ | रात्री ११:४५

एक्सेस रिएजंट, वेगळे पैसे.

खडूस_सीए | रात्री ११:४७

हहपुवा

ट्रॉम्बेकाका | सकाळी ६:१५

सुप्रभात. धागा पहाटे वाचला. उदाहरण अमोनियाचं निघालंय म्हणून राहवत नाही. माझी नोकरी ट्रॉम्बेच्या बाजूला खत कारखान्यात गेली, सगळी अमोनिया प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये. तेव्हा पुस्तकातला लिमिटिंग रिएजंट आणि प्लांटमधला यातला फरक सांगतो, मुलांना कंटाळा येणार नाही अशी आशा.

पुस्तकात तुम्हाला कोणीतरी ४२ ग्रॅम आणि ८ ग्रॅम आणून देतो आणि म्हणतो कोण कमी पडतो ते सांग. प्लांटमध्ये कोण कमी पडू द्यायचं हे आपण ठरवतो. हायड्रोजन येतो नैसर्गिक वायू आणि वाफेपासून, त्याला पैसे मोजावे लागतात. नायट्रोजन हवेतून येतो, हवा फुकट (फुकट म्हणजे कॉम्प्रेसरचं बिल सोडून). अमोनियाच्या बाबतीत मात्र आम्ही कोणालाच फार कमी पडू देत नाही, एकास तीन या प्रमाणाच्या आसपास गॅस ठेवतो, कारण यातली गंमत वेगळीच आहे. इथे लिमिटिंग रिएजंटसुद्धा पूर्ण संपत नाही! कन्व्हर्टरमधून (जिथे रिॲक्शन होते तिथून) गॅस एकदा गेला की त्यातला साधारण १५ ते २० टक्केच अमोनिया होतो. रिॲक्शन उलटही फिरते ना. मग अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला गॅस परत फिरवून कन्व्हर्टरला. असं गोल गोल. हवेतला आर्गॉन त्यात साचत जातो, त्याला रिॲक्शन नाही आणि जायला वाट नाही, म्हणून थोडा गॅस सतत बाहेर सोडायचा, त्याला आम्ही पर्ज म्हणायचो. हाबर या जर्मन केमिस्टने १९०९ मध्ये छोट्या यंत्रावर हे करून दाखवलं तेव्हाच गॅस असा फिरवत ठेवायची युक्ती त्यात होती आणि १९१३ ला जर्मनीत ओप्पाऊला पहिला मोठा कारखाना सुरू झाला तोही याच तत्त्वावर.

शेजारी युरिया प्लांट. तिथे २ अमोनिया आणि १ कार्बन डायऑक्साइड असं प्रमाण आहे, पण रिॲक्टरला आम्ही अमोनिया मुद्दाम जास्त द्यायचो, दोनाच्या जागी तीन आणि त्याहूनही वर. म्हणजे कार्बन डायऑक्साइड लिमिटिंग. जास्त अमोनियामुळे रिॲक्शन पुढे ढकलली जाते, आणि उरलेला अमोनिया गोळा करून परत वापरता येतो. तर कोण लिमिटिंग हा नुसता गणिताचा प्रश्न नाही, पैशाचा आणि अकलेचा आहे.

प्रा_परीक्षानळी | सकाळी ७:०२

काका, सुंदर लिहिलंत, पण एक विनंती. अकरावीच्या मुलांना परीक्षेपुरतं एवढंच धरू दे की लिमिटिंग रिएजंट शंभर टक्के संपतो. इक्विलिब्रियम (उलटसुलट चालणाऱ्या रिॲक्शनचा समतोल) आला की तुमचा प्रतिसाद परत वाचायला सांगेन. नाहीतर उद्या वर्गात कोणीतरी हात वर करून विचारेल, सर ८५ टक्के तर परत जातो ना, मग ४५.३ कसं?

ट्रॉम्बेकाका | सकाळी ७:१०

विचारू दे की! विचारणारा एक तरी निघाला तर बरंच आहे. पण ठीक, परीक्षेपुरतं मान्य.

अंधेरी_लॅबवाली | सकाळी ९:३५ (लोकलमधून टाइप करतेय, चुका पोटात घाला)

काकांना पूर्ण अनुमोदन. मी औषध कंपनीच्या आर अँड डी मध्ये आहे, आमच्याकडे लिमिटिंग रिएजंट हा शब्द कोणी फारसा उच्चारतच नाही, आम्ही इक्विव्हॅलंटमध्ये बोलतो. जो महागाचा किंवा सात स्टेपनंतर हातात आलेला मोलाचा माल आहे तो १ इक्विव्हॅलंट, बाकीचे स्वस्त १.२ किंवा १.५. म्हणजे महागाचा पूर्ण वापरला जावा आणि स्वस्त उरला तरी चालेल. पण उरलेला नंतर वेगळा काढता येईल का हेही बघावं लागतं, काही रिएजंट असे चिकट की ते काढण्यात अख्खा दिवस जातो, मग तोच मोजून मापून घालायचा.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधलं उदाहरण घ्या, ॲस्पिरिन. सॅलिसिलिक ॲसिड २ ग्रॅम आणि ॲसिटिक अनहायड्राइड ५ मिलि. पोरं म्हणतात २ लहान. अरे एक ग्रॅम आहे, एक मिलि आहे! अनहायड्राइडची घनता १.०८, म्हणजे ५.४ ग्रॅम, भागिले १०२, ०.०५३ मोल. सॅलिसिलिक २ भागिले १३८, ०.०१४५ मोल. प्रमाण एकास एक, म्हणजे सॅलिसिलिक लिमिटिंग, अनहायड्राइड साडेतीनपटीहून जास्त. ॲस्पिरिन जास्तीत जास्त ०.०१४५ गुणिले १८०, २.६ ग्रॅम. आता गंमत ही की दरवर्षी एखाद्या बॅचमध्ये कोणाचं तरी ३ ग्रॅम निघतं आणि तो कॉलर ताठ करून फिरतो, यील्ड (अपेक्षेच्या किती टक्के माल निघाला) ११५ टक्के! बाबा रे, फिल्टर पेपरवरचं पाणी वाळवलंच नाहीस.

आता मूळ प्रश्न. मी मुलांना तिसरी पद्धत सांगते, तक्ता. इक्वेशनच्या खाली तीन ओळी: आधी, बदल, नंतर. सगळं मोलमध्ये. मावशींच्या गणिताचा असा होईल:

आधी: नायट्रोजन १.५, हायड्रोजन ४, अमोनिया ०
बदल: वजा १.३३, वजा ४, अधिक २.६७
नंतर: ०.१७, ०, २.६७

बदलाच्या ओळीतले आकडे कायम एकास तीनास दोन. नंतरच्या ओळीत कुठेही वजा आला तर समजायचं चुकीचा लिमिटिंग धरला. तुमच्या लेकीने नायट्रोजन धरला होता ना, तसा तक्ता मांडून बघा, हायड्रोजनखाली ४ वजा ४.५ येईल. शून्याच्या खाली गॅस कसा जाईल? चूक स्वतःच ओरडून सांगते. आणि हाच तक्ता पुढे इक्विलिब्रियमला, बारावीला बफरला, सगळीकडे लागतो.

दादर आलं, उतरते.

बोरीवली_फास्ट | सकाळी ९:५२

ताई तक्ता वगैरे छान आहे पण सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत. तक्ता आखेपर्यंत पुढचे तीन प्रश्न गेले. परत सांगतो, भागा आणि सुटा.

अकरावीचा_बळी | सकाळी १०:१५

मी प्रत्यक्ष पीडित आहे म्हणून लिहितो. (लेक्चर ऑफ आहे, प्लीज कोणी विचारू नका कुठलं कॉलेज.) सीईटीला निगेटिव्ह नाही, तिथे एकवेळ तुक्का चालतो. नीटला बरोबर आलं तर ४ आणि चुकलं तर वजा १, आणि चारही ऑप्शन्समध्ये आपली प्रत्येक चूक आधीच छापलेली असते. मावशींच्या मुलीचं ५१ ग्रॅम हे उत्तर बी ऑप्शनला असणार म्हणजे असणारच!! म्हणून मला भागायची पद्धत आवडते पण ती फक्त लिमिटिंग कोण एवढंच सांगते, मग पुढे घाईत आम्ही तो भागलेला आकडाच मोल म्हणून वापरतो. १.३३ मोल हायड्रोजन संपला असं लिहिणारे माझ्या बॅचला ढीगभर आहेत.

प्रा_परीक्षानळी | सकाळी १०:२८

हे फार नेमकं सांगितलंस. १.३३ हे हायड्रोजनचे मोल नाहीत. भागलेला आकडा वेगळ्या ठिकाणी लिहावा, त्याभोवती गोल करावा, आणि पुढच्या हिशोबात तो थेट घ्यायचा नाही, आधी परत को-इफिशंटने गुणायचं. (आणि लेक्चर ऑफ नाहीये, मला वाटतं तू माझ्याच वर्गातला आहेस.)

अकरावीचा_बळी | सकाळी १०:२९

सर नाही सर

कांदिवलीचा_कांदा | सकाळी ११:०५

अवांतर: लिमिटिंग रिएजंट जीवावर बेतू शकतो हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाथरूममधला गॅस गीझर. आमच्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटमध्ये बाई चक्कर येऊन पडल्या, दार फोडून बाहेर काढलं, वाचल्या. ज्याने बसवला त्याने धुराचा पाइप बाहेर काढलाच नव्हता आणि खिडकी काचेने सील.

अंधेरी_लॅबवाली | दुपारी १:१०

कांदादादा, हे अवांतर अजिबात नाही, उलट इथे तर गणिताच्या पुढची गोष्ट आहे. पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. १ मिथेनला २ ऑक्सिजन, म्हणजे १६ ग्रॅमला ६४ ग्रॅम. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणून एक लिटर गॅसला जवळजवळ दहा लिटर हवा लागते. मोकळ्या जागेत हवा भरपूर, मिथेन लिमिटिंग, सगळं जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन लिमिटिंग होतो. आणि तेव्हा नुसतं कमी जळतं असं नाही, वेगळंच बनतं: २ मिथेनला ३ ऑक्सिजन आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. म्हणजे कोण कमी पडला यावर प्रॉडक्ट किती एवढंच ठरत नाही, प्रॉडक्ट कोणतं तेही ठरतं.

स्वयंपाकघरात पण बघा, बर्नरची भोकं तुंबली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं. हवा कमी पडली, कार्बन अर्धवट राहिला, काजळी धरली. बर्नर साफ करा हेच उत्तर.

मुलांनी शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारलीच असेल. आधी दुधाळ होते, फुंकतच राहिलं की परत स्वच्छ. पहिल्यांदा कार्बन डायऑक्साइड कमी होता म्हणून कॅल्शियम कार्बोनेटचा साका, नंतर तोच जास्त झाला आणि विरघळणारं बायकार्बोनेट बनलं. तेच दोन पदार्थ, फक्त कमी कोण ते बदललं.

दोनफुल_एकहाफ | दुपारी १:३०

रच्याकने, पेट्रोल गाडीत हेच सतत चालू असतं. १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, तो बघतो हवा उरली की पेट्रोल उरलं आणि त्याप्रमाणे इंजेक्टरला सांगतो. माझा सेन्सर गेला तर गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग फिल्टर बदलला, मग मलाच बदलायला निघाला होता.

खडूस_सीए | दुपारी १:३४

तिथे लिमिटिंग रिएजंट तुमचं पाकीट.

कोकणी_माणूस | दुपारी २:२०

मुंबईत राहून गावी कलमं सांभाळतो म्हणून माझंही थोडं. शेतीत लिबिगचा किमान मात्रेचा नियम आहे, श्प्रेंगेल नावाच्या माणसाने तो त्याच्याही आधी मांडला होता. झाडाची वाढ एकूण खतावर नाही, जे अन्नद्रव्य सगळ्यात अपुरं त्यावर अडते. पालाश कमी असेल तर युरियाची पोती ओतून उपयोग शून्य. माती तपासून घ्या म्हणून घसा कोरडा केला तरी शेजारी युरियाच आणतो. ट्रॉम्बेकाका, तुमचा माल खपतोय तोवर तुम्हाला काय!

ट्रॉम्बेकाका | दुपारी ३:००

आम्ही रिटायर झालो हो, आता कलमाची पेटी पाठवलीत तर आम्ही एक्सेसमध्ये घेऊ.

मुलुंडची_मावशी | संध्याकाळी ७:४०

बापरे, ऑफिसमधून येऊन बघते तर इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला बसवून सगळं वाचून दाखवलं, वडापाव-मिसळ वाचून पहिल्यांदा हसली बिचारी. तक्ता मांडून हायड्रोजनखाली वजा ०.५ आल्यावर स्वतःच म्हणाली, अगं आई हे कसं शक्य आहे. आणि खडूस साहेब, तुमचा ताळा तर मीच आता प्रत्येक गणिताला तपासते, तिला केमिस्ट्री विचारायची गरजच नाही, आत किती बाहेर किती, बस.

पण तिचा एक प्रश्न आहे. तीन रिएजंट असतील तर? मॅडमच्या पद्धतीने तीनदा प्रॉडक्ट काढायचं का?

प्रा_परीक्षानळी | रात्री ८:१५

काढता येईल पण इथे भागायची पद्धत सरळ जिंकते. फॉस्फरस बनवायची रिॲक्शन घ्या:

२ कॅल्शियम फॉस्फेट + ६ सिलिका + १० कार्बन → ६ कॅल्शियम सिलिकेट + १ फॉस्फरस (चार अणूंचा रेणू) + १० कार्बन मोनॉक्साइड

समजा ६२० ग्रॅम फॉस्फेट, ३०० ग्रॅम सिलिका, १०८ ग्रॅम कार्बन. मोल अनुक्रमे २, ५, ९. ग्रॅमवर जाणारा म्हणेल कार्बन कमी. मोलवर जाणारा म्हणेल फॉस्फेट कमी. भागून बघा: २ भागिले २ म्हणजे १, ५ भागिले ६ म्हणजे ०.८३, ९ भागिले १० म्हणजे ०.९. कमी सिलिका! फॉस्फरस ०.८३ गुणिले १२४, साधारण १०३ ग्रॅम.

माझं मत विचाराल तर वर्षभर सरावाला तक्ता, परीक्षेत भागाकार, आणि शेवटी वेळ उरला तर वजनाचा ताळा. कॉलेजच्या मॅडम चुकीचं सांगत नाहीयेत, सुरुवातीला त्यांचीच पद्धत सगळ्यात सुरक्षित असते कारण तिच्यात पाठ करण्यासारखं काही नाही.

बोरीवली_फास्ट | रात्री ८:२०

म्हणजे शेवटी भागाकारच ना? मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो

अंधेरी_लॅबवाली | रात्री ८:२६

फास्ट दादा, तुम्ही "भागा" म्हणालात, कशाला भागायचं ते दुसऱ्यांनी लिहिलं.

अकरावीचा_बळी | रात्री ९:०५

सर/मॅडम कोणीही, हे एक बघा ना, आजच्या टेस्टला आलं होतं. संगमरवराचा १० ग्रॅमचा तुकडा, त्यात कॅल्शियम कार्बोनेट ८० टक्के. त्यावर ०.५ मोलर (लिटरला ०.५ मोल) हायड्रोक्लोरिक ॲसिड २०० मिलि ओतलं. एसटीपीला (ठरलेल्या प्रमाण तापमान-दाबाला) कार्बन डायऑक्साइड किती लिटर. माझं १.१२ आलं, शेजारच्याचं १.१३५, दोघंही म्हणतोय आमचंच बरोबर.

प्रा_परीक्षानळी | रात्री ९:३०

आधी पायऱ्या बघू. १० ग्रॅममधला कामाचा माल ८ ग्रॅमच, बाकीचा दगड. ८ भागिले १००, ०.०८ मोल. ॲसिड ०.५ गुणिले ०.२ लिटर, ०.१ मोल. इक्वेशनमध्ये १ कार्बोनेटला २ ॲसिड, म्हणून ०.०८ आणि ०.०५, ॲसिड लिमिटिंग. गॅस ०.०५ मोल. कार्बोनेट ०.०३ मोल, म्हणजे ३ ग्रॅम तसंच राहतं, वर २ ग्रॅम मळ. शुद्धता आधी लावायची, लिमिटिंग नंतर बघायचं, हा क्रम उलटा केला की संपलं.

आता लिटर. ०.०५ गुणिले २२.४ म्हणजे १.१२. ०.०५ गुणिले २२.७ म्हणजे १.१३५. २२.४ हे १ ॲटमॉस्फिअर दाबाचं, २२.७ हे १ बारचं. आयुपॅकने (केमिस्ट्रीची आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ मध्ये एसटीपीसाठी १ बार केला, पण जुनी गाइडं आणि जुने प्रश्नसंच अजून २२.४ वरच आहेत. म्हणजे केमिस्ट्री दोघांचीही बरोबर आहे, दाब वेगळा धरलात.

अकरावीचा_बळी | रात्री ९:३४

पण सर ऑप्शनमध्ये दोन्ही होते

प्रा_परीक्षानळी | रात्री ९:४१

मग प्रश्नात दाब कुठेतरी दिलेला असणार, परत वाच. नसेलच दिला तर १ बार धर, १.१३५. आणि तरीही क्लासने १.१२ ला मार्क दिले असतील तर उद्या पेपर घेऊन स्टाफरूमला ये, बघू.

अकरावीचा_बळी | रात्री ९:४२

कुठल्या स्टाफरूमला सर??